उपदेश न करता वीजबचत: सोलापूरच्या सोसायट्या आणि बचत गटांसाठी कामाची पद्धत

वीज वाचवायला हवी हे सोलापुरात कोणाला पटवून द्यावं लागत नाही. मे महिन्याचं बिल हातात पडलं की घरात दोन दिवस तोच विषय चालतो, मुलांना दिवे बंद करायची ताकीद मिळते, आणि जूनमध्ये सगळं पूर्ववत होतं. माणसं बेफिकीर असतात म्हणून हे होत नाही. वीज डोळ्यांना दिसत नाही, तिचे पैसे महिन्याने भरायचे असतात, आणि कोणत्या वस्तूने किती युनिट खाल्ले हे बिलावर कुठेच लिहिलेलं नसतं. अशा अवस्थेत शहाणा माणूसही अंदाजाने वागतो, आणि त्याचा अंदाज चुकतो.

माणूस प्रत्यक्षात निर्णय कसे घेतो हे पाहून त्याच्याभोवतीची मांडणी थोडी बदलायची, हे वर्तनवादी अर्थशास्त्राचं काम. रिचर्ड थेलर यांना २०१७ चा अर्थशास्त्राचा नोबेल मिळाला तो याच विषयासाठी. घरगुती विजेवर या पद्धतीचे प्रयोग अनेक वर्षं झालेत, त्यामुळे काय चालतं आणि काय फसतं हे बऱ्यापैकी ठाऊक आहे. ते आपल्या गल्लीत कसं वापरायचं, हे सोसायटीच्या सेक्रेटरीला, बचत गटाच्या अध्यक्षाला किंवा मंडळाच्या कार्यकर्त्याला समोर ठेवून इथे लिहिलं आहे. पंधरा ते चाळीस घरं असली की पुरे.

माझं ठाम मत आधीच सांगतो. रोजच्या सवयींवर थोडी मेहनत घ्या, आणि जे निर्णय एकदाच घ्यावे लागतात त्यांवर जास्त घ्या. दिवा बंद करायची आठवण आठवड्याभरात पुसट होते. छताला लागलेला कमी विजेचा पंखा मात्र दहा वर्षं न सांगता काम करत राहतो.

सुरुवात पाडव्याला, तयारी फेब्रुवारीत

नव्या गोष्टीला नवी तारीख लागते. वर्षाच्या, महिन्याच्या किंवा सणाच्या आरंभी माणूस बदलायला जास्त तयार असतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे. आपल्याकडे गुढीपाडवा त्यासाठी अगदी योग्य वेळी येतो. ऊन चढायला लागलेलं असतं, कूलर माळ्यावरून खाली उतरतात, आणि मुहूर्तावर फ्रिज, एसी, पंख्यांची खरेदी निघते.

फेब्रुवारीत फक्त माहिती गोळा करा, कोणालाही काही सांगू नका. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर दिलेला असतो. घरच्यांच्या परवानगीने तो एका वहीत उतरवा. परवानगी खरोखरच घ्या, कारण बिलावरून घरात किती माणसं आहेत आणि ती गावाला कधी जातात हेही कळतं.

वहीत तीन गोष्टी हव्यात. पहिली, दिवसाची सरासरी, म्हणजे युनिट भागिले बिलाचे दिवस, कारण एखादं बिल २८ दिवसांचं असतं तर एखादं ३३ दिवसांचं. दुसरी, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा आकडा. सोलापुरात मार्चची तुलना फेब्रुवारीशी केली तर प्रत्येक घर उधळं ठरेल, मार्चची तुलना मार्चशीच हवी. तिसरी, घराचा प्रकार: माणसं किती, एसी आहे का, घरातच शिवणयंत्र, इस्त्री किंवा पिठाची गिरणी यांसारखा धंदा चालतो का. एसीचं घर आणि बिनएसीचं घर एकाच यादीत टाकलंत तर पहिल्याच महिन्यात लोकांचा विश्वास जाईल, आणि ते बरोबरच असेल.

शक्य असेल तर शेजारची एखादी गल्ली किंवा विंग अशी ठेवा जिथे तुम्ही काहीच करणार नाही, आणि तिचीही नोंद घ्या. अवकाळी पाऊस झाला की वापर आपोआप उतरतो. त्याचं श्रेय तुमच्या मोहिमेला द्यायचं की पावसाला, हे त्या दुसऱ्या गल्लीवरूनच ठरतं.

आधी अंदाज दुरुस्त करा

अमेरिकेत २०१० साली एका पाहणीत लोकांना वेगवेगळ्या उपकरणांचा वीजवापर विचारला होता. लोकांनी तो सरासरी २.८ पट कमी सांगितला, आणि सर्वांत जास्त चुकले ते मोठ्या उपकरणांबाबत. आपल्याकडेही हेच दिसतं. मोबाइलचा चार्जर सॉकेटला राहिला म्हणून मुलाला बोलणी बसतात, आणि गिझर तासभर चालू राहतो.

पहिल्या बैठकीत ही काही उदाहरणं मोठ्या अक्षरात लिहून लावा. १००० वॉटची वस्तू एक तास चालली की एक युनिट, एवढं सूत्र पुरतं.

मोबाइल रोज चार्ज केला तरी महिन्याला अर्धं युनिटही होत नाही. ९ वॉटचा एलईडी दिवा रोज १० तास लावला तर महिन्याला पावणेतीन युनिट. २००० वॉटचा गिझर रोज अर्धा तास म्हणजे महिन्याला ३० युनिट. ७५ वॉटचा जुना पंखा रोज १५ तास म्हणजे महिन्याला जवळपास ३४ युनिट. २०० वॉटचा कूलर रात्री १० तास म्हणजे रात्रीला २ युनिट. दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर साधारण ६ ते १० युनिट, खोली आणि सेटिंगप्रमाणे.

हे आकडे तुम्ही वाचून दाखवण्यापेक्षा आधी लोकांना अंदाज करायला लावा. महिलांच्या बैठकीत प्रत्येकीने आपला आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि मग खरा आकडा उघडायचा. स्वतःचा चुकलेला अंदाज माणूस विसरत नाही.

बिलाच्या टप्प्यांबद्दलचा एक गैरसमजही इथेच दूर करा. घरगुती दर १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर अशा टप्प्यांत असतात. ३०१ वं युनिट पडलं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. वरचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो. याचाच दुसरा अर्थ असा की वाचवलेलं युनिट नेहमी सर्वांत महाग टप्प्यातलं असतं. एकूण बिल भागिले एकूण युनिट असा हिशेब केला तर बचत आहे त्यापेक्षा लहान दिसते. कॅलिफोर्नियातल्या वीजग्राहकांच्या २०१४ सालच्या अभ्यासातही लोक शेवटच्या युनिटाच्या दराकडे न बघता सरासरी दराकडे बघून वागतात, असंच आढळलं. तेव्हा प्रत्येक घराला त्याच्या वरच्या टप्प्यातलं एक युनिट कितीला पडतं ते काढून द्या. त्यात वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरायला विसरू नका.

तुलनेची चिठ्ठी

या पद्धतीतलं सर्वांत तपासून पाहिलेलं साधन म्हणजे शेजाऱ्यांशी तुलना. अमेरिकेत सुमारे ६ लाख घरांना अशी पत्रं पाठवून जो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यात वापर सरासरी २ टक्के घटला. सर्वांत जास्त वीज वापरणाऱ्या दहाव्या हिश्शातली घट ६.३ टक्के होती, आणि सर्वांत कमी वापरणाऱ्यांत जेमतेम ०.३. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. २ टक्क्यांहून फार मोठं स्वप्न लोकांना दाखवू नका. आणि मेहनत जास्त वापराच्या घरांवर घाला. महिन्याला शंभर युनिटच्या आत भागवणाऱ्या घराला बचतीचा उपदेश करणं मला अन्यायाचं वाटतं. तिथे काटकसर आधीच हाडीमासी मुरलेली असते.

तुलनेत एक धोका आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जास्त वापराची घरं सरासरीकडे खाली आली, पण कमी वापराची घरं सरासरी कळताच वर सरकली. आपण उगाच हात आखडता घेतो, असं त्यांना वाटलं असावं. मात्र कमी वापराच्या घरांच्या चिठ्ठीवर शाबासकी म्हणून एक हसरा चेहरा काढला, तेव्हा ती वर सरकली नाहीत. तेव्हा हसरा चेहरा सजावट समजून वगळू नका.

चिठ्ठी अशी लिहा:

"नमस्कार. मार्चमध्ये तुमच्या घरी दिवसाला ५.८ युनिट वीज लागली. तुमच्यासारख्या, म्हणजे ४-५ माणसांच्या आणि एसी नसलेल्या घरांची सरासरी ५.१ आहे. सर्वांत कमी वापराच्या पाच घरांची ४.२. या महिन्यात एकच करून बघा: गिझर लावला की मोबाइलवर १५ मिनिटांचा गजर लावा."

एका चिठ्ठीत एकच सूचना हवी. दहा सूचना दिल्या की माणूस एकही करत नाही. चिठ्ठी बंद पाकिटात, त्या घराच्याच हातात द्या. सूचना फलकावर नावानिशी यादी लावायचा मोह सेक्रेटरींना होतो. तो टाळा. ज्याचा आकडा मोठा आहे त्याच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई असेल, हे फलक वाचणाऱ्याला ठाऊक नसतं. आणि अशोक चौक, साखर पेठ, विडी घरकुल अशा पूर्व भागात काम करत असाल तर चिठ्ठी तेलुगूतही करा. कुठे कन्नड लागेल, कुठे उर्दू. आजी-आजोबांना ज्या भाषेत वाचायची सवय आहे त्या भाषेतली चिठ्ठी घरात टिकते.

संदेशात खोटी आशा घालू नका. फताटेवाडीच्या एनटीपीसी वीजप्रकल्पाला उजनी धरणाचं पाणी लागतं आणि शहरही उजनीचंच पाणी पितं. त्यावरून "वीज वाचवा, उजनी वाचेल" असं लिहावंसं वाटेल. पण तिथली वीज ग्रिडमधून कितीतरी ठिकाणी जाते. आपल्या गल्लीतली बचत थेट धरणात दिसणार नाही, आणि एकदा अतिशयोक्ती पकडली गेली की खरे आकडेही लोक ऐकत नाहीत.

मूळ सेटिंगच बदला

माणूस बहुतेक वेळा वस्तू जशी हाती येते तशीच वापरतो. म्हणून १ जानेवारी २०२० पासून देशात स्टार लेबलचे रूम एसी सुरू होताना २४ अंशांवर येतील असा नियम झाला. तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. पण सेटिंग किती सरकवायचं यालाही मर्यादा आहे. पॅरिसमधल्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या कार्यालयात हिवाळ्यात हीटरचं मूळ सेटिंग १ अंशाने खाली आणलं, तेव्हा बहुतेकांनी ते तसंच राहू दिलं. २ अंशांनी आणलं, तेव्हा लोक उठून बदलायला लागले. आपल्या चव्वेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात कोणाला एकदम २८ वर आणायला गेलात तर तो चिडून २० करेल. २४ ऐवजी २५, सोबत पंखा, आणि आठवडाभराने २६. एवढंच मागा.

घरोघर एका इलेक्ट्रिशियनला घेऊन फिरा आणि एका तासात ही कामं उरका: गिझरचं थर्मोस्टॅट ५०-५५ अंशांवर आणणं, शक्य तिथे टायमर बसवणं, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढणं, एसीची जाळी धुणं. घरच्यांनी "नंतर करू" म्हटलं की ते होत नाही. माणूस दारात उभा असला की होतं.

मोटरचा विषय सोलापुरात वेगळा आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्या दिवशी हौद भरायचा आणि मोटरने टाकीत चढवायचं. पाणी पुन्हा कधी येईल या काळजीने मोटर लावली जाते, आणि टाकी भरून गच्चीवरून पाणी वाहेपर्यंत ती चालते. इथे आठवण करून देण्याचा उपयोग नाही. टाकीत फ्लोट स्विच (टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा) किंवा भरल्याचा गजर बसवा. वीज आणि पाणी दोन्ही वाचतात. सोसायटीच्या जिन्यातल्या, पार्किंगमधल्या दिव्यांना सेन्सर लावणं हे याच जातीचं काम आहे, आणि त्याला कोणा एका घराची संमती लागत नाही, म्हणून ते पहिल्या महिन्यातच करून टाका.

टीओडी मीटर, म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे वापर मोजणारं मीटर, बसलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर प्रतियुनिट सवलत मिळते. ती ओळ बिलावर दिसत असेल तर वॉशिंग मशीन, इस्त्री आणि मोटर दुपारी न्यायला सांगा. "दुपारी लावत जा" एवढं म्हणून भागत नाही. "दुपारची भांडी झाली की मशीन" असं आधीच्या सवयीला बांधून दिलं तर लक्षात राहतं.

पंखा भिशी

आता मूळ मुद्द्यावर येतो. जुना पंखा ७५ वॉटचा, बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी विजेच्या नव्या मोटरचा, साधारण ३० वॉटचा. रोज १५ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात. समजा वरच्या टप्प्यातलं एक युनिट सगळे आकार धरून १० रुपयांना पडतं. म्हणजे महिन्याला २०० रुपये. पंखा साध्यापेक्षा हजार-दीड हजार रुपयांनी महाग असतो. नवाच घ्यायचा असेल तर हा फरक सोलापूरच्या लांबलचक उन्हाळ्यात सात-आठ महिन्यांत भरून निघतो. चालता पंखा काढून बदलायचा असेल तर सव्वा-दीड वर्ष धरा.

एवढा सरळ हिशेब असून लोक घेत का नाहीत? कारण तीन हजार आज जातात आणि दोनशे-दोनशे पुढे येत राहतात. आजचा रुपया माणसाला उद्याच्या रुपयापेक्षा फार मोठा वाटतो. शिवाय मिळकतीच्या आनंदापेक्षा तेवढ्याच नुकसानीचं दुःख जास्त होतं, हे कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ सालीच मांडलं. म्हणून "महिन्याला २०० वाचतील" यापेक्षा "या जुन्या पंख्यापायी महिन्याला २०० रुपये जातायत" हे वाक्य जास्त लागतं. हिशेब खरा असेल तरच ते वापरा.

पैशाच्या अडचणीवर उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, तो म्हणजे भिशी. दहा घरांनी महिन्याला ६०० रुपये घालायचे. जमलेल्या ६००० मध्ये दर महिन्याला एका घरात दोन पंखे लागतात. दहा महिन्यांत वीस पंखे. नंबर चिठ्ठ्या टाकून काढा, मात्र ज्या घरी म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ आहे त्यांना सर्वांच्या संमतीने आधी द्या. वीस पंख्यांची एकत्र मागणी सांगितली तर दुकानदार भावात नक्की बोलतो. वर्तनवादी अर्थशास्त्र ज्याला आगाऊ बांधिलकी म्हणतं ती भिशीत आपसूक येते: पैसे दर महिन्याला बाजूला पडतात, चार जण बघत असतात, आणि मधेच माघार घेणं कठीण जातं. मला विचाराल तर या लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा.

बसवताना जुना रेग्युलेटर काढून टाकायला सांगा. बहुतेक बीएलडीसी पंख्यांना तो लागत नाही आणि त्याने अडचण होते. वयस्कर लोकांना रिमोटचा त्रास होतो, तो हरवतो, आणि मग "जुनाच बरा होता" सुरू होतं. रिमोटचा स्टँड स्विचबोर्डाशेजारी ठोकून द्या, किंवा भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारं मॉडेल निवडा. इन्व्हर्टर असलेल्या घरांना हेही सांगा की लाइट गेल्यावर बॅटरी आता जास्त वेळ टिकेल. काही घरांना बिलापेक्षा हेच महत्त्वाचं वाटतं.

भाड्याच्या घरात गुंता आहे: पंखा मालकाचा, बिल भाडेकरूचं. तिथे भाडेकरूने स्वतःचा पंखा लावावा आणि घर सोडताना घेऊन जावा, हे मालकाशी आधीच बोलून ठेवलेलं बरं.

बक्षीस लावू नका

सर्वांत कमी वापराच्या घराला रोख बक्षीस द्यावं असं कोणीतरी सुचवतंच. दिल्ली परिसरातल्या सदनिकांवर झालेला, २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे डोळ्यांसमोर ठेवा. शेजाऱ्यांशी तुलना करणाऱ्या साप्ताहिक पत्रांनी तिथला उन्हाळ्यातला वापर ७ टक्क्यांच्या आसपास घटला. त्याच तुलनेला पैशाची जोड दिली, तेव्हा ही घट दिसेनाशी झाली. पैसा मधे आला की प्रश्न "मी चांगला शेजारी आहे का" हा राहत नाही, "एवढ्याशा पैशासाठी कशाला" असा होतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. मॅसॅच्युसेट्समधल्या एका वसाहतीत लोकांना दर आठवड्याला पाणीवापराची माहिती दिली. पाणी ६ टक्क्यांनी वाचलं, पण त्याच घरांत वीज ५.६ टक्के जास्त लागली. एका ठिकाणी चांगलं वागलं की दुसरीकडे माणूस स्वतःला सूट देतो. सोलापूरकर पाणी जपून वापरतात, म्हणून वीजही जपत असतील असं गृहीत धरू नका. दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी ठेवा.

उन्हाळ्यात एक रेषा

एप्रिल-मेमध्ये दुपारी पंखा किंवा कूलर बंद करा असं कोणत्याही चिठ्ठीत नको. पत्र्याच्या घरात त्या वेळी आतलं तापमान जीवघेणं होतं. म्हातारी माणसं, बाळंतीण, हृदयरोगी आणि लहान मुलं यांच्या घरांना या दोन महिन्यांत तुलनेची चिठ्ठी पाठवूच नका. त्याऐवजी गच्चीला किंवा पत्र्याला चुन्याचा पांढरा हात देण्यासाठी मंडळाची मुलं पाठवा. उष्णता आत कमी शिरली की कूलर कमी वेगावर भागतो. आपली हवा तोपर्यंत कोरडी असते, त्यामुळे पाऊस सुरू होईपर्यंत कूलर उत्तम काम करतो. कूलर पुरत असेल त्या घराने शेजाऱ्याकडे पाहून एसी घेऊ नये, हे मात्र मोकळेपणाने सांगा.

किती महिने चालवायचं

तीन महिन्यांनी थांबू नका. सुरुवातीच्या पत्रांनंतरची बचत भराभर ओसरते, दोन वर्षं पत्रं चालू ठेवल्यावर मात्र ती मुरते. अमेरिकेतल्या त्याच प्रकारच्या पत्रांवरचा २०१४ चा अभ्यास सांगतो की दोन वर्षांनी पत्रं बंद केली तरी परिणाम दरसाल १० ते २० टक्क्यांनीच घटत जातो. दर महिन्याला चिठ्ठी झेपत नसेल तर वर्षातून चार करा: पाडव्याला, गणपतीत, ऑक्टोबरच्या उकाड्यात, आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधी, कारण तेव्हा गिझर सर्वांत जास्त चालतात.

वही एकाच माणसाकडे ठेवू नका. कमिटी बदलते, सेक्रेटरी बदलतो, आणि दोन वर्षांचे आकडे कोणाच्या तरी कपाटात राहून जातात. दोन घरांकडे दोन प्रती असू द्या, त्यातली एक बचत गटातल्या बाईंकडे. भिशीचा हिशेब त्यांच्याकडे असतोच, त्याच वहीच्या मागच्या पानांवर युनिटही लिहिता येतात.